अंगठ्याएवढं कॅपिटल रिपेअर

कॅपिटल रिपेअर म्हणजे काय, हे भिलाईत शाळकरी पोरालाही विचारा. भट्टी थंड करायची, आतल्या विटा उकरून काढायच्या, नव्या रचायच्या, आणि तोवर घरातला पुरुष जेवायला कधी येईल याचा भरवसा धरायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी असंच एक कॅपिटल रिपेअर निघालं. फरक इतकाच की भट्टीच्या जागी सहा इंचांचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन होतं आणि घरातला पुरुष जेवायच्या टेबलावरच ठाण मांडून होता. त्यामुळे जेवणार कुठे, हा प्रश्न बाकीच्यांना पडला होता.

आधी इंजिनाचं कुळ सांगतो. १९५५ च्या फेब्रुवारीत भिलाई स्टील प्लांटसाठी, म्हणजे आमच्या बीएसपीसाठी, आपल्या सरकारचा सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या चार वर्षांत नागपूर-वऱ्हाडकडून जी मंडळी वळकटी घेऊन दुर्ग स्टेशनावर उतरली, त्यांत माझे वडील होते. सेक्टर ७ मध्ये अजूनही रशियन कॉम्प्लेक्स आहे. त्या काळातले रशियन तिथून केव्हाच गेले, नाव तेवढं राहिलं. वडिलांच्या हाताखाली, खरं तर वडील ज्यांच्या हाताखाली होते, असे एक रशियन इंजिनिअर १९७४ साली मायदेशी निघाले. निरोपाला वडिलांनी आईच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी नेली, त्यांनी उलट भेट म्हणून एक खोका दिला. खोक्यात पिको या पूर्व जर्मन कंपनीचं काळं वाफेचं इंजिन, लाल चाकं, दोन डबे, रुळांचं एक वर्तुळ आणि कंट्रोलर. त्या लोणच्याचं पुढे रशियात काय झालं ते कळलं नाही. इंजिन मात्र आमच्याकडे मुरलं.

मी तेव्हा बारा वर्षांचा. दर दिवाळीला किल्ल्याभोवती हे रूळ पडत. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, आणि तटाखालून पूर्व जर्मनीचं इंजिन घर्रर्र करत फेऱ्या मारतंय. इतिहासाचे मास्तर एकदा फराळाला आले, बराच वेळ बघत बसले आणि एवढंच म्हणाले, ‘सुरतेला घोड्यावरून जायची गरज नव्हती म्हणायची.’ कंट्रोलरवर जर्मन अक्षरं होती. ती कुणालाच वाचता येईनात, म्हणून वडिलांनी मुठीच्या उजवीकडे ‘रायपूर’ आणि डावीकडे ‘दुर्ग’ अशा चिकटपट्ट्या लावल्या. मूठ मधोमध ठेवली की गाडी मधल्या भिलाई पॉवर हाउस स्टेशनला थांबली, असं आम्ही धरून चालायचो.

आता गुन्ह्याची कबुली. इंजिनात काही वाईट नव्हतं. मी त्याला खोबरेल पाजलं. बारीक यंत्राला थेंबभर हलकं मशीन ऑइल पुरतं, तेही दांड्याच्या टोकांना, हे मी कारखान्यात शिकाऊ पोरांना अडतीस वर्षं शिकवलं. घरी मात्र हाताशी जे लागेल ते. ते तेल मोटरच्या फिरत्या कम्युटेटरवर उतरलं, कार्बन ब्रशची भुकटी त्यात कालवली गेली आणि आत काजळाचा लेप तयार झाला. वर नातू सुट्टीत आला आणि त्याने मूठ तासभर पूर्ण रायपूरकडे फिरवून ठेवली. चिमणीतून धूर आला. नातू टाळ्या पिटत ओरडला, ‘आजोबा, खरा धूर!’ पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ते वाफेच्या इंजिनासारखं दिसलं, आणि त्याच क्षणी गेलं.

माझी नोकरी मोटर दुरुस्तीची. ज्या मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरता गाभा, काढायला क्रेन लागते तिच्या पोटात मी बिनधास्त हात घातलाय. ही मोटर अंगठ्याएवढी. बायकोला म्हटलं, ‘संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.’ ती मूळची नागपूरची. म्हणाली, ‘कोणत्या महिन्याच्या?’

पहिल्याच संध्याकाळी मी एक नवशिकी चूक केली. जुन्या जातीच्या चुंबकातून आर्मेचर तसंच उपसून काढलं की चुंबकाची ताकद उतरते, म्हणून आधी त्याच्या दोन टोकांना जोडणारा लोखंडाचा तुकडा लावायचा असतो. हे मला माहीत होतं. आर्मेचर हातात आल्यावर आठवलं. सकाळी त्या चुंबकाला टाचणी लावून पाहिली, ती काही काळ विचार करून खाली पडली. जुनी मोटर गुंडाळून परत बसवण्याचा मार्ग बंद झाला. आता नवीच टाकणं आलं.

आमच्या भिलाईत मोटर बदलणं ही रोजची गोष्ट आहे. रेल्वेचं विद्युत इंजिनांचं शेड इथेच आहे. मालगाड्या ओढणारं डब्ल्यूएजी-७ म्हणजे ५००० अश्वशक्तीचं धूड. त्याच्या सहा धुऱ्यांना सहा मोटरी असतात आणि एकेक सुमारे साडेतीन टनांची. कार्बन ब्रश, कम्युटेटर, सगळं माझ्या इंजिनासारखंच, फक्त मोठं. नंतर आलेल्या डब्ल्यूएजी-९ मध्ये थ्री-फेज मोटरी आहेत, त्यात ब्रशच नाहीत, त्यामुळे खोबरेल घालायला जागाही नाही. माझं इंजिन एकास सत्त्याऐंशी मापाचं. त्या हिशेबाने साडेतीन टनांची मोटर किती भरेल म्हणून कागदावर मांडलं. सत्त्याऐंशीचा घन करायचा, त्याने भागायचं. उत्तर आलं साधारण ५ ग्रॅम. रिकाम्या वेळात मग आणखी एक हिशेब केला. आमच्या कारखान्याचा प्रसिद्ध २६० मीटरचा जोडरूळ त्याच मापात आणला तर तीन मीटरचा होतो. आमचा दिवाणखाना साडेतीन मीटरचा. म्हणजे भिलाईचा एक रूळ टाकला की सोफा बाहेर. मी हे बायकोला सांगायला नको होतं.

नवी मोटर कुठे मिळणार? पुण्याला कोथरुडात भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. तारखेवर जाऊ नका, काम अस्सल आहे. मुलीकडे गेलो की मी तिथे जातो, शाळेच्या सहलीत शिरून पुढची जागा पटकावतो. यावेळी मात्र पुणे लांब होतं आणि सुपेल्याचा रविवार बाजार जवळ. या छंदातल्या लोकांची एक जुनी युक्ती आहे. संगणकाच्या सीडी ड्राइव्हचा ट्रे आतबाहेर करणारी एक चिमुकली मोटर असते, ती इंजिनात चपखल बसते. मी भंगारवाल्याकडे बिघडलेला सीडी ड्राइव्ह मागितला.

‘बने वाला हवय, ले जा,’ तो म्हणाला.

‘चांगला नको, बिघडलेला दे. स्वस्त पडेल.’

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पायातल्या कारखान्याच्या सेफ्टी शूजकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, ‘बीएसपी ले रिटायर होगे हे.’ एवढ्यात सगळा उलगडा झाला असावा, कारण त्याने साठ रुपयांत दोन ड्राइव्ह दिले.

मोटर मिळाली, पण खरी मेख पुढे होती. मोटरच्या दांड्यावर एक पितळी पेच घट्ट ठोकलेला असतो. त्याच्या आट्या खालच्या दातेरी चाकात अडकतात आणि इंजिन चालतं. या पेचाला आमच्या धंद्यात वर्म म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी असेल, पण ज्याने तो मराठीत जसाच्या तसा राहू दिला त्याने हे काम स्वतः केलेलं असणार. जुन्या दांड्यावरून वर्म ओढून काढायला दोन दिवस गेले. निघाल्यावर कळलं, त्याचं भोक दीड मिलिमीटरचं आणि नव्या मोटरचा दांडा दोनचा. वर्म रुमालात बांधून नंदिनी रोडवरच्या लाइट इंडस्ट्रियल एरियात एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने ते तळहातावर घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘बाकी का कहाँ है?’ मी म्हटलं, एवढंच आहे. त्याने भोक बरोबर मध्यावर वाढवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. एवढ्या लहान कामाचं बिल कसं लिहायचं ते त्याला कळेना.

मग जोडणी. जुन्या मोटरचा एक ब्रश थेट इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, सांगाडाच तारेचं काम करतो. ते टोक तसंच ठेवून नवी मोटर जोडली तर काय होतं? कंट्रोलर ‘टक’ म्हणतो आणि बंद पडतो. तीनदा म्हणाला. चौथ्या वेळी मी त्या जागी कागदी चिकटपट्टी लावली आणि दोन्ही तारा वेगळ्या ओढल्या. सीडी ड्राइव्हची मोटर कमी व्होल्टची आणि रूळ बारा व्होल्टचा, म्हणून मध्ये एक रेझिस्टर. मोटर बसवली बाथरूमच्या फरशीला लावतात त्या सिलिकॉनने. वर्म आणि चाक यांच्यात कागदाच्या जाडीइतकी फट राहावी लागते. घट्ट बसलं तर इंजिन कण्हतं, सैल बसलं तर दात सोडतं. आमची ही हे सगळं बघत होती. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. म्हणाली, ‘अहो, हे डॉक्टरनं मला सांगितलंच होतं. फक्त त्यानं सिलिकॉन रात्रभर वाळत ठेवलं नव्हतं.’

सकाळी नातवाला उठवलं. रूळ टाकले, इंजिन ठेवलं. चाललं हो! जुनं इंजिन मुठीच्या अर्ध्या वळणापर्यंत हलायचं नाही आणि मग एकदम उसळायचं. हे मुंगीच्या चालीने निघालं, वळणावर न अडखळता फिरलं. आवाज जवळजवळ नाही, जळका वासही नाही. मी बघतच राहिलो.

नातू म्हणाला, ‘आजोबा, ह्याचा आवाज बंद का झाला?’ थोडं थांबून पुन्हा, ‘आणि धूर?’

तेवढ्यात बायकोने खरी गोष्ट दाखवली. मूठ रायपूरकडे होती आणि गाडी दुर्गकडे चालली होती. तारा उलट्या लागल्या होत्या. अदलाबदल केली की झालं, मिनिटाचं काम. पण त्यासाठी सिलिकॉन खरवडून मोटर पुन्हा बाहेर काढावी लागली असती, आणि वर्माला पुन्हा हात लावायची माझी छाती नव्हती.

जुनी मोटर आता काडेपेटीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. जेवणाचं टेबल घरच्यांना परत मिळालं. आणि कंट्रोलरवर वडिलांच्या अक्षरातली ‘रायपूर’ची पट्टी मी हलक्या हाताने सोडवून डावीकडे लावली आहे, ‘दुर्ग’ची उजवीकडे.