नावाला लागलेला बट्टा

"अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. ती साडी पिळून वाळत घाला आणि मग या, घाई नाही."

"काय हो, बारशाचं ठरलं का?"

"रविवारी. पोरगं तीन महिन्यांचं झालं, तरी नावावरून घरात महाभारत चालूच आहे. रास कुंभ, अक्षर 'स'. आमचे हे म्हणाले, 'सूर्याजी ठेवा, माझ्या आजोबांचं नाव.' सुनेनं लगेच हात जोडले. म्हणे, 'सूर्याजी पिसाळ! पोरं त्याला फितूर म्हणून चिडवतील.'"

"चिडवतीलच. वाईच्या देशमुखीसाठी रायगड दिला म्हणतात ना त्यानं मोगलांना?"

"ती १६८९ची गोष्ट. पण १६७०मध्ये तानाजी पडल्यावर ज्यानं कोंढाणा घेतला, तोही सूर्याजीच की, मालुसरे! रामदासस्वामींचे वडीलसुद्धा सूर्याजीपंत. चांगले दोन, वाईट एक, आणि लोकांच्या तोंडी पिसाळच. पातेलंभर दुधात मिठाचा एक खडा पुरतो बघा."

"मग सचिन ठेवा. गाव सचिन, पोरगा सचिन!"

"मुलगा तेच म्हणाला. गावसकरांनी २०२३ साली आपल्या स्टेशनच्या पाटीचा फोटो टाकला होता ना, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच."

"पाटी काय तेंडुलकरच्या नावाची आहे?"

"छे हो! इथं १७९१पासून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचं संस्थान होतं. आणि तेंडुलकरचं नाव वडिलांनी सचिनदेव बर्मनवरून ठेवलेलं. पण आमच्या पोरानं हे कुणाकुणाला सांगत बसायचं? गल्लीत शून्यावर आऊट झाला की फिदीफिदी हसतील. चांगल्या नावाचाही जाच असतो, वहिनी."

"खरंय. आमची आई गोडशांचं सांगायची. पाळण्यातलं नाव रामचंद्र. आधीचे मुलगे दगावले, म्हणून याला मुलीसारखं वाढवलं, नाक टोचून नथ घातली. त्याचा झाला नथुराम. लेकरू जगावं म्हणून केलेलं सगळं. पण ३० जानेवारी १९४८नंतर ते नाव पाळण्यात घालायला कोण धजेल?"

"बघा! नावानं काय घोडं मारलं होतं? करणारा करून गेला, बट्टा नावाला."

"मग पत्रिकेवर काय छापताय?"

"सूर्यांश. सुनेनं मोबाइलमधून काढलंय. खापरपणजोबांचं अर्धं नाव राहिलं, पिसाळही टळला. यांची समजूत मी घातली."

"चला, सुटलात!"

"कसलं सुटलात! सासूबाई पहिल्या दिवसापासून तेल लावताना 'दगडू, माझा दगडू' करतात. दृष्ट नको लागायला. सून चिडते, तर म्हणतात, 'माय, दगडाला कोण नजर लावतं?' आणि काल बघते तर काय, सून 'सूर्यांश, सूर्यांश' करून दमली, पोरगं ढिम्म. आतून म्हातारीनं 'दगडू' म्हटलं, तर लागलं हसायला!"