नव्याण्णव वर्षांचा तलाव

सुरतहून साडूंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर शिंकत होतो. नंदुरबारात हिवाळाभर गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा आमच्या गल्लीकडे वळला की माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी दोनदा शिंकतो. साडूंना हे ठाऊक आहे. तिसरी शिंक संपायची वाट पाहून ते म्हणाले, "साडूभाऊ, या मिरचीतून सुटायचं असेल तर सांगा. मी तोरणमाळला घर घेतोय. ऐतिहासिक परिसर, दुतर्फा झाडी, समोर तलाव. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून सही करायची."

पाठोपाठ माहितीपत्रक आलं. त्याचं वर्णन करत बसत नाही. तुमच्याही फोनात ते असणारच, गावाचं नाव तेवढं वेगळं. तोरणमाळ देखणं आहे यात वाद नाही. साडेतीन हजार फुटांच्या वरची उंची, खाली शहाद्याला मे महिन्यात जीव नकोसा होतो तेव्हा वर रात्री चादर ओढावी लागते. यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे, गोरखनाथाची महाशिवरात्रीची यात्रा आहे. तोरणाच्या झुडपांवरून गावाला नाव पडलं असं सांगतात. चित्रातल्या तलावाकाठी मात्र नारळ होते. सातपुड्यात नारळ! तेही मी सोडून दिलं, कारण माझी नजर खालच्या कोपऱ्यात जाऊन अडकली होती. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'हस्तांतरण 99 वर्षांच्या कराराने.'

नव्याण्णव का? शंभर का नाही?

चपलांच्या दुकानात नव्याण्णव का असतं ते मला कळतं. शंभर म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, नव्याण्णव म्हटलं की त्याला वाटतं आपला एक रुपया वाचला. पण इथे वाचलेलं ते एक वर्ष साडू कुठे खर्च करणार आहेत? ते आज 61 वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, डाव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे. करार संपेल त्या दिवशी ते 160 वर्षांचे असतील, आणि त्यांचा स्वभाव मला माहीत असल्यामुळे सांगतो, त्या दिवशीही ते 'डिपॉझिट परत द्या' म्हणून काठी टेकत उभे राहतील. बरं, पुढचं सोडा, मागे मोजून पाहू. 1906 साली खानदेशाचे दोन तुकडे झाले आणि हा डोंगर पश्चिम खानदेशात आला. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. एवढ्या काळात खुद्द सरकारला या जमिनीच्या जिल्ह्याचं नाव सलग नव्याण्णव वर्षं टिकवता आलेलं नाही. महाराष्ट्र 1960 सालचा, म्हणजे आपल्या राज्याला नव्याण्णव पूर्ण व्हायला 2059 उजाडणार. आमचा जिल्हा तर अजून तिशीचाही नाही, त्याचं लग्न जमायचं वय. आणि आमच्या साडूंनी त्याच्याशी नव्याण्णव वर्षांचा संसार मांडलाय, तोही पाचशेच्या स्टँपवर, नोटरीसमोर. पूर्वी हे काम शंभराच्या स्टँपवर व्हायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा बंद होऊन पाचशेचा आला. थापेचा दर एका रात्रीत पाचपट झाला आणि कुठल्याही ग्राहकाने तक्रार केली नाही.

एजंटला फोन लावला. आवाज गोड, मागे जीपचं इंजिन.

"नंबर एक जागा शे, भाऊ. ताबा पक्का."

"सातबाऱ्यावर नाव लागेल का?"

"नाव नाही लागत. थोडं टेक्निकल आहे."

हे 'टेक्निकल' काय आहे ते मी तहसील कचेरीत फेऱ्या मारून म्हातारा झालेला माणूस असल्यामुळे मला माहीत होतं. जमीन आदिवासी खातेदाराची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 36अ. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही देता येत नाही, आधी परवानगी घेतल्याशिवाय. भाडेपट्टा आणि गहाण जास्तीत जास्त पाच वर्षांचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. त्याहून जास्त मुदत असेल किंवा विक्री असेल तर वर सरकारची मान्यताही आधी लागते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात हस्तांतरणाच्या बंदीची नोंद असते, ती वाचायला वकील लागत नाही, चष्मा लागतो. आता हिशेब करा. कायद्याचा आकडा 5. एजंटचा आकडा 99. मधली 94 वर्षं कुठून आली? कुठल्या कलमातून, कुठल्या परिपत्रकातून? मी एजंटला हेच विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही एकदा साइटवर या, मग सगळं क्लिअर होईल."

गेलो. शहादा सोडलं, सातपायरीचा घाट चढलो, साडू पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला 'ऑक्सिजन' म्हणत होते. एका ठिकाणी रस्ता सोडून जीप माळावर घातली. तिथे गेट होतं. भिंत नव्हती, नुसतं गेट. गेटच्या दोन्ही बाजूंनी शेळ्या येत-जात होत्या. आम्हाला मात्र एजंटने कुलूप उघडून गेटमधून आत घेतलं.

"तलाव कुठे आहे?"

त्याने टेकडीकडे बोट केलं. "त्या टेकडीच्या मागे, त्याच्या मागच्या टेकडीच्या मागे."

"आणि ऐतिहासिक?"

"पूर्ण एरियाच ऐतिहासिक आहे ना."

झाडं मात्र होती. महू होते, आंबे होते. यातला कुठला महू कुठल्या घराने वेचायचा ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कैऱ्या उतरवून, सोलून, वाळवून धडगावच्या बाजारात आमचूर जातो, त्यावर घरातलं वर्षाचं तेल-मीठ निघतं. एजंट म्हणाला, हा महू गाळ्याच्या रेषेत येतो, तो काढून टाकू, त्याच्या जागी विदेशी पाम लावू. म्हणजे वृक्षराजीतल्या घरासाठी वृक्ष हलवावे लागणार होते. साडूंनी मान डोलावली. त्यांना चित्रातल्यासारखं हवं होतं.

महूखाली जमिनीचा मालक बसला होता. सत्तरीचा बाबा, डोक्याला फेटा. त्याला मी विचारलं, किती वर्षांसाठी दिली? तो म्हणाला, "उन्हाळ्यापुरती. गाड्या लावायला पाहिजे म्हणाले." एजंट मध्येच हसला आणि म्हणाला, बाबाला समजत नाही. बाबाला सगळं समजत होतं. सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं?

इथपर्यंत मी हसून घेतलं. पण घाट उतरताना साडू म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यात तलावाकाठी जागा मिळणं किती अवघड आहे हो," आणि माझं डोकं सरकलं. अवघड? आमच्या जिल्ह्यात तलावाकाठी घर मिळवणं जगात सगळ्यांत सोपं आहे. जागेवर बसून राहायचं, तलाव चालत येतो. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांकडे तो असाच आला. सरदार सरोवराची कोनशिला 1961 ची. नव्वदच्या दशकात मणिबेलीपासून पाणी वर सरकायला लागलं. जून 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. त्या लोकांनी माहितीपत्रक मागवलं नव्हतं. बुकिंग रक्कम भरली नव्हती. त्यांना 'लेक व्ह्यू' फुकट मिळाला, आणि सोबत नोटीस मिळाली. ज्यांच्या कुळाच्या पिढ्या मोजायला नव्याण्णव पुरत नाहीत, त्यांच्याशी कुणी नव्याण्णव दिवसांचाही करार केला नाही. खालचं शेत गेलं, नदीकाठची झाडं गेली, वरच्या टेकडीला चारी बाजूंनी पाणी लागलं आणि टेकडीचं बेट झालं. दवाखाना बोटीतून येतो. जिथे बोट लागत नाही तिथे बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरते. बापाचं नाव यादीत 'घोषित', मुलाचं 'अघोषित', आणि हा 'अघोषित' शब्द तळोदा-अक्कलकुव्याकडे आता शाळकरी पोरांनाही कळतो. या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. त्यातल्या एखाद्या बल्बखाली बसूनच कुणीतरी हे माहितीपत्रक सजवलं असेल, त्यावर नारळ चिकटवले असतील. तलावाचा एवढाच शौक असेल तर साडू, चला, धडगावच्या बाजूने नर्मदेकाठी उतरू. तिथे पाणीच पाणी आहे, ऐतिहासिकही आहे, शांतताही भरपूर आहे. फक्त संध्याकाळी परतायला रस्ता नाही.

साडू गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला राजकारण फार." जे बोलणं अंगाला लागतं त्याला आमच्या नात्यात राजकारण म्हणतात.

आता त्यांच्या मित्रमंडळींविषयीही दोन शब्द लिहितो, कारण जीपमध्ये मागच्या सीटवर त्यातले दोघे होते. सुरतच्या पाहुण्यांना आमच्या थंड हवेची ओढ असते ती सगळी हवेचीच असते असं नाही. दारूबंदीच्या राज्यातून निघालेल्या माणसाला तलावापेक्षा दुसऱ्या पाण्याची घाई जास्त. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवापूरच्या स्टेशनात एकाच बाकाचं एक टोक गुजरातेत आणि दुसरं महाराष्ट्रात आहे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. बाकावर सरकून बसायला कुणाची हरकत नसते. पण हे पाहुणे बाक उचलून घरी न्यायला निघालेत. त्यातल्या एकाने मला नव्याण्णवपेक्षा सोपा मार्ग सांगितला. त्याच्या ड्रायव्हरकडे जातीचा दाखला आहे, म्हणून त्याने जमीन ड्रायव्हरच्या नावावर घेतली. पैसे याचे, सातबारा त्याचा. वर ड्रायव्हरकडून कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवल्यात. पगार बारा हजार. कागदोपत्री तो ड्रायव्हर आता दोन एकरांचा धनी आहे आणि धन्याला रोज सकाळी गाडी पुसावी लागते. मी त्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो घाटात नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत होता. त्याने एक दिवस हँडब्रेक ओढून 'उतरा, ही जमीन माझी आहे' म्हटलं तर मी टाळ्या वाजवीन आणि नंदुरबारपर्यंत चालत येईन.

राहता राहिली माझी सही. ती मला मागितली गेली आणि मला तो महूखालचा बाबा आठवतोय. जीपकडे परतताना त्याने सांगितलं होतं की वनहक्काच्या दाव्यांत त्याने शेजाऱ्यांसाठी जबाब दिलाय. 2006 च्या कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण ही जमीन कसतोय हे दाखवावं लागतं, आणि इतर पुराव्यांबरोबर गावातल्या जुन्या माणसाचा जबाबही धरला जातो. बाबाला प्रत्येक बांध पाठ आहे. कुणाच्या बापाने कुठला दगड कुठे ठेवला हे तो बोट दाखवून सांगतो, आणि तरीही मोजणीला आलेला माणूस त्याला दुसरा कागद मागतो. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मी तो प्लॉट आयुष्यात अर्धा तास पाहिला. बांध पाहिला नाही, तलाव तर दिसलाच नाही, पैसे मोजताना मी हजर नव्हतो आणि मालकाला मुदत माहीत नव्हती. पण माझी सही चालणार आहे, कारण माझ्या खिशाला पेन आहे.

कराराची प्रत माझ्या टेबलावर पडलेली आहे. साडूंनी पाच लाख दिलेत, पावती मागितली तर 'व्यवहार विश्वासाचा आहे' असं उत्तर मिळालं. साक्षीदार क्रमांक एक म्हणून एजंटच्या मेव्हण्याने सही ठोकली आहे. साक्षीदार क्रमांक दोनच्या पुढे माझं पूर्ण नाव टाइप केलेलं आहे, वडिलांच्या नावात चूक आहे, आणि त्याखालची जागा रिकामी आहे. ती रिकामीच राहील.