तात्पुरता पत्ता

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास चुकीच्या स्टेशनवर उतरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे, आणि त्या बेचक्यात आमचं उल्हासनगर बसलेलं आहे. इथले भाग कॅम्पच्या नंबराने ओळखतात: कॅम्प एकला शहाड जवळ, चारला विठ्ठलवाडी, पाचमधल्या बऱ्याच जणांना अंबरनाथ सोयीचं. उरलेलं, ज्याच्या पाटीवर खरोखर उल्हासनगर लिहिलंय ते स्टेशन आम्हा तीन नंबरवाल्यांच्या वाट्याला आलं. पुण्याचे मामा एकदा कुणाच्या तरी सल्ल्यावरून शहाडला उतरले आणि आंब्याची पेटी मांडीवर घेऊन तासभर बाकड्यावर बसून राहिले. मोबाइल नव्हते. घरी पोचल्यावर ते इतकंच म्हणाले, "गाव एक, स्टेशनं चार. यांना एवढं जायचं असतं तरी कुठे?"

दौंड, मनमाड, भुसावळ ही रेल्वेची गावं. तिथे आधी रूळ आले, मग क्वार्टर्स, मग बाजार, मग गणपती. आमचं सगळं उलटं. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी गाडी १८५६ साली सुरू झाली आणि इथल्या माळावरून धूर सोडत निघून जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्याच माळावर बॅरकी उभारल्या आणि जागेला नाव दिलं कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट म्हणजे आलात, टेकलात, निघालात. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर त्याच बॅरकींत सिंधी माणसं आली. कुणी कराचीहून बोटीने, कुणी राजस्थानातून रेल्वेने. बघता बघता वस्ती लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची कोनशिला बसली. आणि उल्हासनगर नावाचं स्टेशन झालं १९५५ साली. म्हणजे गाडी सुरू झाल्याला नव्व्याण्णव वर्षं होऊन गेल्यावर! शंभरी गाठायच्या आत रेल्वेने आमची दखल घेतली, हे मान्य केलं पाहिजे.

उल्हास हे नाव नदीचं. ज्यांचं घरदार, गावशीव सगळं मागे राहिलं, त्यांच्या वस्तीला हे नाव ठेवताना कुणाला हसू आलं की रडू, कोण जाणे. गंमत अशी की उल्हास नदी आमच्या कडेकडेने जाते. गावातून वाहते ती वालधुनी. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून येणारी ही नदी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर इतके कारखाने पाहते, की तिचा रंग सांगायला वार विचारावा लागतो. नाव एका नदीचं आणि वास दुसरीचा, असा आमचा संसार.

तर बॅरकी. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब खोल्या. त्यांत आधी गोणपाटाचे पडदे लागले, मग फळ्या, मग विटांची भिंत. आमच्या वडिलांनी स्वस्त भाडं पाहून इथे बिऱ्हाड केलं तोवर भिंती आल्या होत्या, पण पलीकडे कुकरची कितवी शिट्टी झाली ते आमची आई सांगू शकत असे. शेजारच्या अम्माचं बोलणं मला दिवसभर ऐकू यायचं. त्यातलं काहीच कळत नसे, फक्त वाक्याच्या शेवटी एक शब्द ओळखीचा यायचा: 'आहे'. छा आहे, किथे आहे, चङो आहे. ही बाई मराठीच बोलते, फक्त सुरुवात चुकते, असं माझं कितीतरी दिवस मत होतं. मोठेपणी कळलं, सिंधीत 'आहे' म्हणजे आहेच. पाण्यालाही त्या पाणीच म्हणतात, आणि तेही खणखणीत 'ण' लावून, जो आमच्या शाळेत निम्म्या वर्गाला जमत नव्हता.

श्रावणात तर फारच सोय. आमची शिळासप्तमी शुद्ध पक्षात, त्यांची थदडी वद्य पक्षात. दोन्हीकडे चूल बंद, आदल्या दिवशीचं खायचं. आई भिंतीपलीकडे दहीभात द्यायची आणि पंधरा दिवसांनी तिकडून गोड लोले यायचे. कोण शिळं आणि कोण ताजं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. अम्माच्या दारात गेलं की आधी पापड आणि पाणी पुढे येई. चहा नंतर, तोही आपण बसलो तर. ज्या घरात आल्या आल्या पापड मोडायला मिळतो त्या घरात पोरं सारखी निरोप घेऊन जातात. मी तर नसलेले निरोपही नेत असे.

बाहेरच्यांना आमची ओळख वेगळीच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद लोक अजूनही नव्याने सुचल्यासारखा ऐकवतात. ऐकवणारा बहुतेक वेळा लग्नाचा बस्ता बांधायला इथेच आलेला असतो. डोंबिवली-बदलापूरच्या कितीतरी संसारांतली कपाटं आणि पलंग आमच्या फर्निचर बाजारातून टेम्पोने गेले आहेत. त्या पलंगांवर पडून लोक आमच्या मालाला नावं ठेवतात.

आता बॅरकी फारशा उरल्या नाहीत. आमची पाडली, तिथे सात मजले उभे आहेत, लिफ्ट आहे, ती अधूनमधून चालते. पत्ता मात्र बदलला नाही. रिक्षावाल्याला इमारतीचं नाव सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. बॅरकीचा नंबर सांगितला की किक मारतो, जरी ती बॅरक त्याच्या जन्माआधीच पडलेली असली तरी. नगरपालिका झाली, १९९६ साली महापालिका झाली, पण कॅम्प काही उठला नाही. अम्मा अखेरपर्यंत 'कल्याण कॅम्प' म्हणत. त्यांच्या खाटेखाली कराचीहून आलेली लोखंडी ट्रंक होती. तिला कधी कुलूप नसे, पण तिच्यावर फुलदाणी ठेवलेलीही त्यांना चालत नसे. ट्रंक पटकन उचलता आली पाहिजे, म्हणायच्या.

एवढं वाचून यावंसं वाटलं तर जरूर या. मुंबईहून अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल धरा. कल्याण सुटलं की सगळ्याच लोकल सगळीकडे थांबतात, तेव्हा फास्ट-स्लोची काळजी नको. विठ्ठलवाडी गेलं की दाराशी या आणि पश्चिमेला उतरा. टिटवाळा किंवा कसारा धरलीत, तर शहाडच्या बाकड्यावर बसून राहा. कुणीतरी घ्यायला येईल.