श्रावण संपल्यानंतरची तक्रार

श्रावण पाळणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. आमच्या घरात महिनाभर मासळीचं नाव निघत नाही, आणि त्या महिन्यात ‘प्रोटीन कुठून मिळणार’, ‘अशक्तपणा येईल’, ‘डॉक्टरांना विचारलंस का’ यातला एकही प्रश्न कुणाला पडत नाही. सहा वर्षांपूर्वी श्रावण संपला, गणपती गेले आणि मी मासे पुन्हा सुरू केले नाहीत. त्या दिवसापासून हे सगळे प्रश्न रोज माझ्या ताटाशी येऊन बसले. माझी पहिली तक्रार ही.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहतो डोंबिवलीत. घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात. त्यात संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण मिळवला, तर मासेखाऊ म्हणवणारं आमचं घर वर्षातले जवळजवळ सहा महिने शाकाहारीच असतं. देवासाठी जे इतकी वर्षं बिनबोभाट चालत आलं, ते माझ्यासाठी बुधवारी करायचं म्हटलं की घरावर संकट कोसळल्यासारखं का होतं?

कारण मी लपवलेलं नाही. गावी बंदरावर लिलाव चालू असताना टोपलीत तळहात भरणार नाही एवढाली पापलेटं पाहिली. वाढायच्या आधीच उचललेली. माशांना अंडी घालता यावीत, वाढता यावं म्हणून पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग ही टोपली कशी भरली, याचं उत्तर तिथं कुणी दिलं नाही, आणि मला पुढे तो घास गिळता आला नाही. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, तेव्हा बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि पहिल्यांदाच माझं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. तोवर तीन वर्षं मी ते एकटीच सांगत होते.

दुसरी तक्रार गोलम्याची, म्हणजे जवळ्याची. आमच्याकडे वांग्यात सोडे पडतात, दोडक्यात सुकट, शेवग्याच्या शेंगांत कोलंबी. भाजीला भाजी म्हणून कढईत एकटं राहूच देत नाहीत. मी विचारलं की आई म्हणायची, “गो, त्यात काय नाय, थोडोसो गोलमो असा.” थोडासा म्हणजे नाहीच, हा हिशेब मला कधी पटला नाही. रश्श्यातले तुकडे बाजूला काढून “आता तुझं झालं” म्हणत वाटी पुढे करणं, तळणीच्या त्याच तेलात माझी बटाट्याची कापं सोडणं, आमटीचा डाव एका टोपातून दुसऱ्यात नेणं. प्रत्येक गोष्ट एवढीशी आहे. पण दिवसाला दोन जेवणं, म्हणजे पाळायचे दिवस सोडले तरी वर्षाला साडेतीनशेच्या वर. प्रत्येक वेळी मीच विचारायचं, आणि विचारलं की मीच कटकटी.

तिसरी तक्रार पनीरची. नातेवाइकांकडे जेवायला गेलं की माझ्यापुरतं पनीर बाहेरून मागवतात. त्यामागे माया आहे हे मला दिसतं. पण आमच्या गावच्या चुलीवर पनीर कधी शिजलं? हे पनीर मागवणाऱ्या काकीच्याच हातचं गणपतीतलं खतखतं खायला अख्खी वाडी जमते. काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फदफदं, पावसाळ्यातला टाकळा, हे सगळं आमचंच आहे. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ खतखत्यातही पडतं. सागोतीला लागतं तेच भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटप काळ्या वाटाण्यालाही लागतं. मी मासा सोडला; खोबरं, कोकम, तिरफळ, आईच्या हाताची चव यातलं काहीही सोडलेलं नाही. ‘हिला काय करून घालायचं’ हे वाक्य ऐकलं, की माझं माणूसपण या घरातून थोडं वजा झाल्यासारखं वाटतं.

चौथी तक्रार घराबाहेरची आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. आमच्या इमारतीत काही जणांना कळलं तेव्हा त्यांनी माझं कौतुक केलं. “बरं झालं, सुधारलीस.” हीच माणसं आईने सुकट भाजली की दारं लावून घेतात. मासे खाणाऱ्यांना भाड्याने घर मिळू नये असं म्हणणारेही त्यांच्यात आहेत. त्यांचं कौतुक मला नको. माझी आई मासे खाते म्हणून अशुद्ध नाही आणि मी सोडले म्हणून शुद्ध झाले नाही. मी हा निर्णय माशांसाठी घेतला, आईपासून वेगळं व्हायला घेतलेला नाही. तिला हे त्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, त्या दिवशी ती काही बोलली नाही.

पण त्याच आठवड्यात तिने नवा बिडाचा तवा आणला आणि ओट्यामागच्या खिळ्याला लावला. “ह्यो तुझो,” एवढंच म्हणाली. पुढे दोडक्यात सुकट घालायच्या आधी ती माझी वाटी काढून ठेवू लागली. मग कधीतरी अख्खी भाजीच सुकटीविना व्हायला लागली, आणि ती कधीपासून, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. भावाने गेल्या वर्षी बुधवारचाही मासा सोडला. बाबा रविवारी बाजारातून सुरमई आणतात, पण आता शनिवारी रात्री आईला विचारतात, “वाटाणे भिजत घातलंस मा?”

या सगळ्याला सहा वर्षं लागली, याची तक्रार मी करणारच. माझ्या माणसांनी मला पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर मी त्यांना एवढंच सांगितलं असतं की गणपतीत करता तेच करा. पण बदल झाला तो माझ्या बोलण्याने झाला नाही, हेही खरं. तो त्यांच्या हातांना आधीपासून येत असलेल्या स्वयंपाकातून आला. परवा उशिरा घरी पोहोचले तर काळ्या वाटाण्यांचं टोप रिकामं होतं. बाबांनी आणि भावाने मिळून संपवलं होतं, आणि सुरमईचे दोन तुकडे तसेच झाकून ठेवले होते. आई माझ्यासाठी पुन्हा घावण्यांचं पीठ ढवळत होती. मी काही म्हटलं नाही. डब्यातून वाटाणे काढले आणि दुसऱ्या दिवसासाठी भिजत घातले. नेहमीपेक्षा दोन मुठी जास्त.