रोज एक दगड

२०२४ च्या मे महिन्यात गुगलने अमेरिकेत यंत्राने लिहिलेली आयती उत्तरे शोधाच्या माथ्यावर द्यायला सुरुवात केली. चार संकेतस्थळे चाळा, आठ आजार जमवा, मग घाबरा, हा जुना व्याप वाचला. कोणीतरी विचारले, दिवसाला किती दगड खावेत? यंत्राने गंभीरपणे सांगितले: निदान एक, छोटासा. खनिजे आणि जीवनसत्त्वे मिळतात म्हणे. मुतखड्याच्या रुग्णांनी समाधान मानावे, त्यांचा साठा घरचाच आहे.

सल्ल्याचा उगम निघाला ‘द अनियन’. विनोदी खोट्या बातम्या हाच या अमेरिकी प्रकाशनाचा राजरोस धंदा. २०२१ साली त्याने बर्कलीच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी ही शिफारस घातली. ती भूगर्भविषयक सॉफ्टवेअरच्या एका कंपनीने आपल्या संकेतस्थळावर उतरवून घेतली, आणि यंत्राला ते घर सोवळ्यातले वाटले.

गुगलचा खुलासा तर मूळ विनोदाहून सरस: हे उत्तर गाजण्याआधी हा प्रश्न जवळपास कोणी विचारलाच नव्हता.

बरोबर आहे. लोक विचारतात ते छातीत कळ आली तर काय, रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेतली तर काय. त्यांची उत्तरेही त्याच चौकटीत, त्याच ठाम सुरात येतात. तज्ज्ञांना विचारा, ही ओळ असते, पण पार तळाशी, बारीक अक्षरांत.