वॅटची काटामारी

ऊस काट्यावर चढला की वारणा खोऱ्यातला शेतकरी आकड्यावरून नजर हलवत नाही. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजावट, सगळं पावतीवर लागतं. उतारा किती बसला याचीही चौकशी होते, कारण एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचा, हिशेब १०.२५ टक्के उताऱ्यापासून सुरू होतो. डेअरीत फॅट आणि एसएनएफ लागल्याशिवाय दुधाला दर नाही. काटामारीचा नुसता संशय आला तरी गावं पेटून उठतात. १९९८ साली वारणानगरभोवतीची सत्तर गावं संगणकाने जोडायचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला, तोही उसाची, बाजारभावाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी म्हणून.

आणि याच घरातलं पोरगं कोल्हापूरला जाऊन होम थिएटरचा रिसीव्हर आणतं तेव्हा खोक्यावरचा 'एक हजार वॅट' हा आकडा मुकाट्याने मान्य करतं. हा आकडा कुठल्या काट्यावर मोजला, हे घरात कुणीच विचारत नाही.

ते विचारायला हवं. तीस-चाळीस हजारांची वस्तू आहे. कित्येक घरांत ते पैसे दुधाच्या बिलातून साठलेले असतात.

काम काय करतो हा रिसीव्हर? टीव्हीकडून आलेला आवाज उलगडतो, त्याचे समोरचे, मधले, मागचे असे वाटे करतो आणि प्रत्येक स्पीकरला ताकद पुरवतो. ही ताकद वॅटमध्ये मोजतात. गोम तिथेच आहे. एकाच यंत्राला वेगवेगळ्या अटींवर मोजलं तर वेगवेगळे आकडे येतात. दोन स्पीकर एका वेळी वाजवून, ८ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, आवाज फाटू न देता मोजलं तर ८० वॅट. तेच यंत्र एकच स्पीकर लावून, कमी ओहमवर, एकाच सुरावर आणि आवाज १० टक्के फाटेपर्यंत ताणून मोजलं तर आकडा दीडशेच्या पुढे सहज जातो. असे सगळे आकडे जोडून खोक्यावर ठळक अक्षरांत हजार छापता येतात. बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्याशिवाय हजार वॅट म्हणजे काहीच नाही.

ही जुनी खोड आहे. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' अशी अक्षरं आणि पुढे शेकड्यांतले आकडे असायचे. पीएमपीओ मोजण्याची ठरलेली रीतच नव्हती. ज्याला जो आकडा शोभला तो त्याने छापला आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले.

अमेरिकेने यावर १९७४ मध्येच नियम केला. ॲम्प्लिफायरची ताकद जाहिरातीत सांगायची तर मोजण्याची पद्धत सांगावी लागेल, असा तो नियम होता. पळवाटा उरल्या होत्या, म्हणून २०२४ मध्ये तो आणखी आवळला: ८ ओहम, पूर्ण पट्टा, फाटणं १ टक्क्याच्या आत. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची झाली. ती आहे सुरक्षिततेसाठी. यंत्र पेट घेणार नाही, शॉक देणार नाही, एवढ्यापुरती ती हमी. वॅट खरे की फुगवलेले, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. आपल्यालाही वॅटचा काटा हवा आणि तो सरकारनेच बसवायला हवा.

आता हेही ऐका. आकडा खरा असला तरी दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. ८० चे १६० वॅट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दसपट ताकद लागते. उलट, त्याच पैशात ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचे स्पीकर घेतले तर तोच ३ डेसिबलचा फायदा कुठल्याही जादा वॅटशिवाय मिळतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण ३ पेक्षा १६० हा आकडा लवकर खपतो.

मग गिऱ्हाईक जातं ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याच्याकडे. हे बरोबरच आहे. ज्याने पदरचे पैसे घातले त्याच्या शब्दाला वजन असतं. पण मालकाचं मत कसं असतं? 'एक नंबर, भिंती हादरतात.' किंवा 'घेऊ नका, डबा आहे.' ही दोन्ही मतं कुचकामी आहेत. खोली केवढी, स्पीकर कुठले, जोडणी कशी, घेऊन किती दिवस झाले, यातलं एकही उत्तर त्यात नाही. फॅट न लावता दुधाला चांगलं किंवा वाईट म्हणणारा माणूस या खोऱ्यात कुणी ऐकून घेतला असता का?

मालकांच्या नेहमीच्या तक्रारी एकेक उघडून पाहिल्या तर यंत्राचा दोष कुठे आणि आपला कुठे, हे स्वच्छ दिसतं.

पहिली तक्रार: मागच्या स्पीकरमधून आवाजच येत नाही. बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवलेला असतो आणि टीव्ही दोन वाटांचाच आवाज पुढे धाडतो. ते बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करावं लागतं. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय जागा असल्या तरी टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी 'एआरसी' लिहिलेली जागा सहसा एकच असते. वायर दुसरीकडे खोचली की सगळं मुसळ केरात. ऑप्टिकल वायरीने डॉल्बी डिजिटल जातं, पण ओटीटीवर आता सर्रास येणारं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. शिवाय पुष्कळ चॅनेलवरचा आवाज मुळात दोन वाटांचाच असतो. जे आलेलंच नाही ते रिसीव्हर कुठून देणार? वर्षानुवर्षं दोनच स्पीकर ऐकून यंत्राला शिव्या घालणारे मालक आहेत, आणि त्यांचं मत ऐकून खरेदी टाळणारे शेजारीही आहेत.

दुसरी: संवाद कळत नाहीत आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात. पाच-एकच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा, मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तोच स्पीकर टीव्हीमागे किंवा कपाटाच्या कोनाड्यात दडपलेला असतो. खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, चारी भिंती उघड्या, म्हणजे प्रत्येक शब्द चार वेळा परत येतो. जाड सतरंजी अंथरा, पडदे लावा, मधला स्पीकर कानाच्या रोखाने पुढे काढा. रात्री ऐकायचं तर हळू आणि मोठा आवाज जवळ आणणारी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते, ती चालू करा. यंत्राबरोबर मायक्रोफोन मिळतो, तो खोली मोजून स्पीकर जुळवतो. पंखा फरफरत असताना आणि कुकरच्या शिट्ट्या होत असताना ते मोजमाप केलं तर ते चुकणारच. पंखा बंद, दार बंद, मायक्रोफोन बसल्यावर जिथे कान येतो त्या उंचीवर. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता दिलेलं मत रद्द समजावं.

तिसरी: मध्येच बंद पडतो. रिसीव्हर तापतो, तो त्याचा धर्म आहे. आपण त्याला काचेच्या शोकेसमध्ये कोंडतो आणि वरून विणलेला रुमाल घालतो. वरची जाळी मोकळी हवी आणि वर हातभर जागा हवी.

चौथी सगळ्यांत महाग: एचडीएमआय गेलं. एप्रिल-मेच्या वळवाने कोल्हापूर जिल्ह्यात किती उपकरणं जातात हे इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला ठाऊक आहे. वीज फक्त प्लगातून येत नाही. डिशच्या वायरीतून, इंटरनेटच्या वायरीतूनही येते. गडगडाट सुरू झाला की सगळ्या वायरी काढाव्या लागतात, आणि घराला खरं अर्थिंग लागतं. तीन पिनांचा प्लग दिसतो म्हणून अर्थिंग आहे असं धरून चालू नये.

यंत्राचेही दोष असतात आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. ऑन्क्योच्या २००९ ते २०१२ च्या काळातल्या अनेक मॉडेलांचे एचडीएमआयचे बोर्ड निकामी होत गेले. तक्रारी वाढल्या आणि कंपनीला २०१८ अखेरपर्यंत दुरुस्तीची मुदत वाढवून द्यावी लागली. २०२० मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या नव्या यंत्रांतली चिप सदोष निघाली. नवा गेमिंग कन्सोल जोडून सेकंदाला १२० चित्रांचा ४के व्हिडिओ लावला की पडदा काळा. यामाहाने बोर्ड बदलून दिले, बाकी दोघांनी जोडायला वेगळी डबी दिली. मॉडेल, वर्ष, काय जोडलं, काय झालं, एवढं नेमकं सांगितलं की बड्या कंपनीलाही उत्तर द्यावं लागतं. नुसतं 'डबा आहे' म्हणणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही.

नावावर जाऊन खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ऑन्क्योची मूळ कंपनी मे २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, नाव दुसऱ्यांकडे गेलं. डेनॉन आणि मरांट्झ ही नावं २०२२ मध्ये मॅसिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने घेतली आणि २०२५ मध्ये सॅमसंगच्या हरमनने विकत घेतली. वडिलांच्या वेळचा डेक वीस वर्षं चालला, ही आठवण चांगली आहे, पण आजच्या सेवा केंद्राची ती हमी नाही.

मालकांच्या मतांचा बाजार सरकारच्याही लक्षात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बीआयएसचं 'आयएस १९०००' हे मानक आलं. ग्राहकांची ऑनलाइन मतं कशी गोळा करायची, कशी तपासायची, कशी छापायची, याचे नियम त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक काट्यावर ऊस घातला असता का आपण? मग पाच चांदण्या पाहून चाळीस हजार का घालायचे?

या मातीला कान नाहीत, असं तर कुणी म्हणू शकणार नाही. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रभातने कोल्हापुरातच केला. वारणेचा सहकार उभा करणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या गावात, वारणानगरला, मुलांचा वारणा बालवाद्यवृंद उभा केला आणि ती पोरं खेड्यापाड्यातून येऊन मोठमोठ्या मंचांवर वाजवून आली. शेतकऱ्यांच्या पोरांनी वाद्यं सुरात लावली त्या गावात बिनसुरा स्पीकर केवळ हादरतो म्हणून चांगला ठरू नये. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यातल्या व्हायोलिनच्या जागी घरात नुसती धडधड येत असेल तर ते यंत्र, ती मांडणी किंवा दोन्ही नापास आहेत.

म्हणून माझी मागणी मालकांकडे आहे. मत द्या, पण मोजून द्या. खोलीची लांबी-रुंदी सांगा. स्पीकरचं नाव सांगा. जोडणी एआरसीने की ऑप्टिकलने, मायक्रोफोनने जुळवणी केली की नाही, ते सांगा. दोन पावसाळे गेले का ते सांगा. पहिल्या आठवड्यातलं मत खरेदीच्या आनंदाचं असतं, दुसऱ्या पावसाळ्यानंतरचं मत यंत्राचं असतं. बिघडला तेव्हा सेवा केंद्र कोल्हापुरात मिळालं की पुण्याला धाडावा लागला, किती दिवस गेले, किती खर्च आला, हे तर आधी सांगा. सहकारावर उभ्या राहिलेल्या, 'वारणा बाजार'सारखं ग्राहक भांडार चालवणाऱ्या गावाला अशी एक वही ठेवणं अवघड नाही. कोडोलीच्या मालकाने लिहिलं तर पन्हाळ्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील.

आणि गिऱ्हाइकांनो, दुकानात आपला सिनेमा घेऊन जा. मारामारीचा प्रसंग लावू देऊ नका, दोन माणसं हळू बोलतात तो प्रसंग लावायला सांगा. मग विचारा: हे वॅट किती स्पीकर चालवून, किती ओहमवर, किती टक्के फाटण्यावर मोजले? उत्तर बिलावर लिहून घ्या. आकडा खोटा निघाला तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. पण त्या दारात तोंडी हजार वॅट चालत नाहीत, कागद लागतो.

दुकानदार लिहून देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.