घाम दाखवा, दाद घ्या

मराठी माणसाला कलाकार थकलेला लागतो. गवयाच्या मानेची शीर तट्ट फुगली, तबलजीचा झब्बा पाठीला चिकटला आणि हे सगळं तिसऱ्या रांगेतून नीट दिसलं, की तिकिटाचे पैसे वसूल. नटाने तर विंगेत जाऊन धापाच टाकायला हव्यात; त्याशिवाय 'काय झोकून देऊन काम करतो हो' हे वाक्य आपल्याला म्हणता येत नाही. या कसोटीवर माझ्या दोन्ही आवडी सपशेल नापास आहेत. मला इलेक्ट्रॉनिक संगीताचे महोत्सव आवडतात आणि ॲनिमेशनपट आवडतात. पहिल्यात माणूस समोर असतो, पण काही करताना दिसत नाही. दुसऱ्यात माणूसच दिसत नाही. त्यामुळे नातेवाइकांत माझी ओळख 'तो हो, कार्टून बघतो आणि डीजेत नाचतो' अशी आहे. बाकी नोकरी बरी आहे, हे मागाहून सांगतात.

आमच्या घराची डिसेंबरात फाळणी होते. काका शाल, उशी आणि थर्मास घेऊन सवाईला जातात. मी कानांत घालायचे बोळे आणि पॉवर बँक घेऊन माझ्या महोत्सवाला. काकांचा हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. माझं घराणं अलीकडचं. सनबर्न हा महोत्सव २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला आणि २०१६ साली पुण्याजवळ, वाघोलीच्या पुढे, केसनंदला येऊन ठेपला. "संस्कृती बुडणार हे ठाऊक होतं," काका तेव्हा म्हणाले, "पण ती वाघोलीमार्गे बुडेल असं वाटलं नव्हतं."

त्यांचा आक्षेप आवाजाला नाही. गणपतीत त्यांच्या खिडकीखाली त्याहून मोठा आवाज होतो आणि त्याची वर्गणी ते स्वतः देतात. आक्षेप वेगळाच आहे. माझ्या फोनवरचा एक व्हिडिओ त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"हा गृहस्थ दोन्ही हात वर करून उभा आहे."

"हो."

"मग वाजवतंय कोण?"

या प्रश्नाला आम्हा भक्तमंडळींकडे आजवर धड उत्तर नाही. त्यात घरभेदी निघाले. डेडमाऊस नावाचा कॅनडाचा एक मोठा डीजे डोक्यावर उंदराचं भलं थोरलं मुंडकं चढवून वाजवतो. २०१२ साली त्याने लिहूनच टाकलं, की आम्ही सगळे जण बटणच दाबतो. मोठ्या मंचावर दिवे, पडद्यावरची चित्रं आणि ज्वाळा संगणकाच्या घड्याळाला बांधून ठेवतात, म्हणजे काय वाजणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. हा माणूस खरं बोलला म्हणून त्याच्यावर कुणी खटला भरला नाही. पुढे डिस्नेने हरकत घेतली ती त्याच्या उंदराच्या कानांवर. ते आमच्या मिकीसारखे दिसतात, असं कंपनीचं म्हणणं. २०१५ साली तडजोड झाली. संगीत कुणाचं यावर भांडण नाही, कान कुणाचे यावर आहे.

मी काकांना शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. डीजेच्या एका कानावर हेडफोन असतो, दुसरा कान गर्दीकडे. हेडफोनात पुढचं गाणं आधीच चालू असतं. त्याची गती सरकपट्टीने केसभर इकडेतिकडे करत तो ती वाजत असलेल्या गाण्याशी जुळवतो. मग एकाचा खर्ज हळूच काढून घेतो आणि दुसऱ्याचा त्याच जागी आणून बसवतो. कान जागे नसतील तर दोन ढोल एकमेकांच्या पायांत अडखळतात. हल्ली ही गती जुळवायलाही बटण आहे, हे मी काकांना सांगितलं नाही. मग येतो ड्रॉप. आधी खर्ज पार नाहीसा होतो, ताशासारखा ठोका दुप्पट, चौपट होत जातो, आवाज वर वर चढतो, क्षणभर सगळं थांबतं आणि पोटात धाडकन खर्ज परत येतो. त्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटते. बहुधा तो आधीच मारतो.

"म्हणजे समेवर येणं," काका म्हणाले.

"तेच की."

"आमच्याकडे समेला मान हलते. तुमच्याकडे अख्खा माणूस हलतो. हा संस्कारांचा फरक."

मात्र एका बाबतीत काका-पुतण्याचं एकमत आहे. रात्रीचे दहा. पूर्वी सवाई पहाटेपर्यंत चालायची. आता नियमाने उघड्या मैदानावरचा आवाज दहाला बंद होतो. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळाली तर दिवाळी. परिणाम असा, की रात्रीचे राग संध्याकाळी गाऊन घ्यावे लागतात आणि मध्यरात्रीसाठी जन्मलेलं टेक्नो आम्ही दुपारी साडेतीनला, टोपी घालून, सनस्क्रीन थापून ऐकतो. काळ्या कपड्यांतली, डोळ्यांखाली काजळ घातलेली तरुणाई उन्हाकडे पाठ करून उभी असते आणि मंचावरच्या लेझरचं तेज कडुलिंबाच्या झाडावर कुठेतरी पडलं असावं, असा अंदाज बांधते.

महोत्सवात घाम गाळायचं काम पूर्णपणे प्रेक्षकांकडे असतं, हेही काकांना पटत नाही. अशाच एका महोत्सवात (नाव नको, सगळ्यांचं फाटक एकच) बॅग तपासणाऱ्याने माझं बाकरवडीचं पाकीट 'बाहेरचे खाद्यपदार्थ' म्हणून काढून घेतलं. मी वळून पाहिलं तर एक त्याच्या तोंडात होती, म्हणजे ती आता आतलीच झाली होती. पुढे मनगटावर पट्टा बांधतात. त्यात आधी पैसे भरायचे, मग पट्टा टेकवून पाणी घ्यायचं. रोख चालत नाही, कारण रोख मोजताना माणूस भानावर येतो. पट्ट्यात उरलेले पैसे परत मिळवायचा अर्ज असतो. तो भरताना जी समाधी लागते, ती मंचासमोर लागत नाही. घरी आल्यावर व्हिडिओ पाहावेत तर त्यांत संगीत नसतंच. माझंच ओरडणं असतं, तेही बेसूर.

घाम दिसला नाही तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि रोलँड कंपनीची दोन छोटी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक यंत्र बास वाजवणाऱ्याच्या ऐवजी वापरायला बनवलेलं, बाजारात सपशेल आपटलेलं. त्याच यंत्राला पिळून शिकागोच्या पोरांनी १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढला आणि जगाने नव्या संगीताचा जन्म साजरा केला. तोवर आमची तबकडी पाच वर्षं धूळ खात होती. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले रसिक थक्क झाले आणि सत्तरी गाठलेल्या सिंगसाहेबांना युरोपात वाजवायला बोलावणी आली. आपल्याकडे त्यांना कुणी वाईट म्हटलं नाही. वाईट म्हणायला आधी ऐकावं लागतं.

ॲनिमेशनची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे संशय घ्यायलाही समोर कुणी नसतं. जपानी ॲनिमेशनकार मियाझाकींचा 'द बॉय अँड द हेरॉन' मी थिएटरात पाहिला. मागच्या रांगेत एक अख्खं कुटुंब होतं. 'कार्टून आहे' एवढ्या माहितीवर आलेलं. पडद्यावर आई गमावलेला मुलगा हातात दगड घेतो आणि स्वतःच्या डोक्यावर मारतो. रक्त भळाभळा वाहतं. मागे पॉपकॉर्नचा आवाज थांबला. "बाबा, त्याने असं का केलं?" बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अभ्यास केला नाही म्हणून." मध्यंतरानंतर ते कुटुंब दिसलं नाही. मी मात्र शेवटच्या नामावळीपर्यंत बसतो. खाली झाडू घेऊन उभा असलेला कर्मचारी माझ्याकडे पाहत असतो आणि मी जपानी नावांच्या रांगाच्या रांगा वर सरकताना पाहत असतो. ज्यांचा घाम दिसला नाही, त्यांची निदान नावं दिसावीत. तीही त्याच लिपीत, जी मला वाचता येत नाही.

हे काम किती असतं? मियाझाकींच्याच 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतर सैरावैरा धावणाऱ्या गर्दीचं एक दृश्य आहे. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकाची धावपळ वेगळी. दृश्य चार सेकंदांचं. काढायला लागले पंधरा महिने. आपल्याकडे तर या कलेचा आरंभच दादासाहेब फाळक्यांच्या हातून झाला. १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' करताना त्यांनी एकेक काडी जरा जरा हलवून चित्रित केली. आज पुण्यात कुणी टेबलावर काड्या मांडून बसला, तर घरचे आधी गॅस बंद करतील आणि मग डॉक्टरांना फोन.

माझ्या दोन्ही आवडींचं लग्न लावून देणारा एक चित्रपट आहे, 'इंटरस्टेला ५५५५'. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी' या संपूर्ण अल्बमवर, लेइजी मात्सुमोतोंच्या देखरेखीखाली, जपानच्या तोएई स्टुडिओने २००३ साली केलेला. संवाद नाहीत. दूरच्या ग्रहावरच्या निळ्या कातडीच्या वादकांना एक खलनायक पळवून आणतो, त्यांच्या आठवणी पुसतो, त्यांना माणसाच्या रंगात रंगवतो आणि पृथ्वीवर लोकप्रिय बँड म्हणून विकतो. पोरं करारावर सह्या करून करून झिजतात, खाली चाहते किंचाळतात. चित्रपट सरळ सरळ आम्हा चाहत्यांवर आहे. आम्ही तो पाहून डोळे पुसतो, 'काय नागडं केलंय हो या धंद्याला' म्हणतो आणि त्याच बँडचा महागडा टी-शर्ट मागवतो. निळा रंग शिल्लक असेल तर निळा.

आता खरा विनोद. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली आणि दोन-चार दिवसांत अवघा देश घिबली, म्हणजे मियाझाकींच्याच स्टुडिओच्या, शैलीत हसू लागला. वधूवर, मंत्री, वाढदिवसाचे फलक, सगळे टपोऱ्या डोळ्यांचे. काकांनी सवाईच्या मंडपातला आपला फोटो दिला आणि खाली 'घिबली कर' असं लिहिलं. थोड्याच वेळात टक्कल जाऊन दाट केस आले, मागे हिरवीगार टेकडी आली, थर्मासची किटली झाली. कुटुंबाच्या ग्रुपवर एकच जल्लोष. 'काका, तुमच्यात हे पण होतं?' काकांनी नम्रपणे लिहिलं, 'जमलं जरा.'

मी त्यांना चार सेकंद आणि पंधरा महिने सांगितले. ते गंभीर झाले.

"पगारी होता का रे तो काढणारा?"

"हो."

"मग मालकाला परवडलं कसं?"

यंदा सोसायटीच्या गणपतीत ते एकही वादक बोलावणार नाहीत. ॲपला चार ओळी दिल्या की आरतीसुद्धा चालीसकट तयार मिळते. मानधन नाही, नारळ नाही, शाल नाही, चहा नाही. कार्यकारिणीने टाळ्या वाजवून ठराव मंजूर केला.

"मग पुढच्या वर्षी सवाईलाही मशीनच बसवू," मी म्हणालो.

"छे! सवाईचं वेगळं," काका म्हणाले. "तिथे समोर कुणीतरी जीव तोडून राबतंय म्हटलं, की मागे उशीला टेकायला बरं वाटतं."